वाचक विचारतात : भिंत कोरडी हवी, नाव खरं हवं

प्रश्न : सुरगाणा, पेठ भागातल्या वारली चित्रकारांसाठी ना-नफा कलादालन काढायचं आम्हा सहा जणांच्या मनात आहे. सराफ बाजाराजवळच्या जुन्या वाड्यात तळमजल्याची खोली स्वस्तात मिळते आहे. घ्यावी का? आणि नोंदणीचं काय?
– पंचवटीतील वाचक

उत्तर : तळमजला घेऊ नका. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर पाणी चढायला लागलं की सराफ बाजाराला धास्ती भरते. 2016 आणि 2019 चे पूर नाशिककर विसरलेले नाहीत. त्याच वाड्यात माडी मिळत असेल तर जरूर बघा, फक्त जिना मोजून घ्या. चार फुटी फ्रेम वळणावर हमखास अडकते.

मग भिंत. फूटभर लांबीरुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारी कडांना चिकटपट्टी मारून भिंतीला घट्ट लावा, दोन दिवस तसाच ठेवा. आतल्या बाजूला थेंब धरले तर ओल भिंतीतूनच येते आहे, नुसता रंग देऊन ती झाकली जाणार नाही. थेंब बाहेरच्या बाजूला असतील तर हवा दमट आहे. खिडकी-पंख्याची सोय आधी बघा. भिंत कोरडी निघाली तरी फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे सेंटिमीटरभर फट राहून वारा खेळतो. ही फट नसली की पावसाळ्यात कागदावर बुरशीचे ठिपके येतात, आणि ते मग निघत नाहीत.

कापडावरच्या चित्रांना याहून जपावं लागतं. गेरू किंवा शेणाचा हात दिलेल्या कापडावर पांढरा रंग वाळून कडक होतो. घडी घातली की नेमका घडीवर तडकतो. एसटीनं आणताना पिशवीत घडी घालूनच चित्रं येतात, तिथेच नुकसान होतं. चार इंची पीव्हीसी पाइप घ्या, चित्रावर बटर पेपर ठेवा आणि चित्राची बाजू बाहेर येईल अशी पाइपवर सैल गुंडाळी करा. रंग आत ठेवला तर तो चेपून टवके उडतात. पाइप तुम्हीच आधी गावात पोचवा. चित्रकारांच्या येण्याजाण्याचं भाडंही विक्री होईपर्यंत लटकवू नका, आल्याबरोबर हातात द्या.

नोंदणीचं थोडक्यात : 1860 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली सात सभासद लागतात. तुम्ही सहाच आहात, तेव्हा सातवी जागा एखाद्या चित्रकाराला द्या, आणि तीही सहीपुरती नको. सोबत 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदणी करा. कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी हवा असेल तर संस्थेची करमाफी आणि देणगीदारांची सवलत यांची आयकर खात्याकडची नोंदणी (1961 च्या आयकर कायद्यातली 12अ आणि 80ग) आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाकडचा सीएसआर-1 अर्ज, हे सगळं त्यानंतर. विश्वस्त बदलला की 90 दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चेंज रिपोर्ट (बदलाची नोंद) द्या. तो राहून गेला की पुढे बँकेतल्या सह्यांपासून सगळंच अडतं.

प्रश्न : आमच्या प्रदर्शनातून एका कंपनीनं वारली चित्र विकत घेतलं. आता तेच दिनदर्शिकेवर छापायचं म्हणतात. चित्र काढणाऱ्या ताईंना वेगळे पैसे मागता येतील का?
– इंदिरानगरमधील वाचक

उत्तर : मागायलाच हवेत. चित्र विकलं म्हणजे ती एक वस्तू विकली, छापायचा हक्क नव्हे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो हक्क लेखीच द्यावा लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, म्हणून 'फक्त अमुक वर्षाची दिनदर्शिका, इतक्या प्रती' असं स्पष्ट लिहून घ्या. वारली चित्रांना भौगोलिक मानांकन आहे, पण ते परंपरेच्या नावाला. ताईंच्या त्या एका चित्राचं रक्षण त्यानं होत नाही.

एक खाच लक्षात ठेवा. कंपनीनं पैसे देऊन मुद्दाम काढून घेतलेल्या चित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, कंपनीकडेच जातो. ऑर्डर घेतानाच 'कॉपीराइट चित्रकाराचा' ही ओळ घाला.

आणि नाव. लग्नघरी देवचौक, म्हणजे भिंतीवरचा देवाचा चौकोन, सुवासिनींनीच काढायचा, ही वारल्यांची रीत. तरी विक्रीच्या पावतीवर घरातल्या पुरुषाचं नाव पडतं, पैसेही त्याच्याच खात्यावर जातात. ज्यांच्या हातचं चित्र, त्यांचंच नाव पावतीवर, करारावर आणि दिनदर्शिकेच्या पानावर यायला हवं. रक्कमही त्यांच्याच खात्यात. सहीआधी करार ताईंना मोठ्यानं वाचून दाखवा, एक प्रत त्यांच्याकडे ठेवा, आणि छापलेल्या दहा दिनदर्शिका त्यांच्या घरी पोचवायची अटही त्यातच लिहा.