वाचक विचारतात : बावड्याच्या दोन वाटा

प्रश्न : कोल्हापूरहून गगनबावडामार्गे कणकवलीला गाडीने जायचे आहे. करूळ घाट धरावा की भुईबावडा? आणि ही वाट जुनी आहे, की मोटारी आल्यावर झाली?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : कणकवलीसाठी सरळ करूळ घाट धरा. गगनबावड्यात रस्ता फुटतो. करूळचा फाटा वैभववाडीत उतरतो आणि तळेऱ्याला मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो, तर भुईबावड्याचा खारेपाटणकडे जातो. भुईबावडा अरुंद आहे, पण करूळ बंद पडला की तोच आधार. दोन्ही घाटांतून मी एसटी चालवली आहे, म्हणून खात्रीने सांगतो.

वाट फार जुनी आहे. विजयदुर्गाच्या खाडीतून गलबते खारेपाटणपर्यंत येत. तिथे मिळालेला शिलाहार राजा रट्टराजाचा ताम्रपट इ.स. 1008 चा, यावरून त्या बंदराचे वय ध्यानात घ्या. उतरलेला माल देशावर न्यायचा तर सह्याद्री चढणे आलेच. त्या चढावर नजर ठेवायला गगनगड. तो शिलाहारांच्या दुसऱ्या भोजाने बांधला, असे मानतात. पुढे शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांतले रामचंद्रपंत अमात्य यांच्या घराण्याकडे बावड्याची जहागीर आली, म्हणून ते बावडेकर.

माझी एकच विनंती आहे. घाट उतरायच्या घाईत गडाला वळसा घालून जाऊ नका. गगनगिरी महाराजांच्या मठामुळे वर जायची सोय चांगली आहे. वरून करूळ आणि भुईबावडा, दोन्ही घाटांची वळणे दिसतात, आणि हा किल्ला इथेच का, ते कुणी सांगावे लागत नाही. मागे वळून देशाकडे बघा. जमीन हळूहळू उतरत कोल्हापूरकडे जाते. कोकणाकडे मात्र कडाच तुटलेला. त्यामुळेच कोल्हापूर ते गगनबावडा सुमारे 55 किलोमीटरात दमवणारा चढ लागत नाही. सगळा उतार घाटातल्या दहाएक किलोमीटरात संपतो.

या 55 किलोमीटरांतही बघण्यासारखे आहे. फुलेवाडी, बालिंगा, कळे, साळवण असे करत रस्ता कुंभीच्या खोऱ्यातून वर जातो. हीच कुंभी खाली जाऊन पंचगंगेला मिळते. गगनबावड्याच्या अलीकडे पळसंब्याचे रामलिंग चुकवू नका. दाट झाडीत ओढ्याच्या पात्रातच, एकेका अखंड दगडातून कोरलेली देवळे आहेत. शिखरे शेवाळलेली, पायाशी पाणी. मी कितीदा गेलो तरी तिथून लवकर निघवत नाही.

आता पावसाचे. जिल्ह्यात सर्वांत जास्त पाऊस गगनबावड्यात पडतो. कुंभी फुगली की मांडुकली, लोंघे, किरवे इथे पाणी रस्त्यावर येते आणि रस्ता बंद होतो. पाणी थोडेच दिसते म्हणून गाडी घालू नका. डांबराची कड कुठे संपली ते गढूळ पाण्यात कळत नाही. घाटात त्रास दरडीचा आणि धुक्याचा. धुके असे उतरते की बोनेटच्या पुढचे दिसत नाही. अशा वेळी मी वाहकाला बॅटरी घेऊन खाली उतरवायचो. कठड्याच्या कडेने तो पुढे चालायचा आणि मी त्या उजेडाच्या मागे पहिल्या गिअरमध्ये गाडी सोडायचो. प्रवासी एक शब्द बोलत नसत.

तुम्ही दसऱ्यानंतर निघा. हिरवळ असते, झरे अजून वाहत असतात आणि कडे स्वच्छ दिसतात. पुढे गळीत हंगाम सुरू झाला की कळ्याच्या आसपास उसाच्या ट्रॉल्या आडव्या येतात, तेव्हा पहाटे निघालेले बरे. घाट उतरताना चढाला जो गिअर लागतो, तोच ठेवा. ब्रेकवर पाय देऊन बसलात तर अर्ध्या घाटात लायनर तापल्याचा वास येईल. तसा वास आलाच, तर रुंद जागा बघून गाडी बाजूला घ्या, चाकाला दगड लावा आणि ब्रेक गार होईपर्यंत थांबा. चाकांवर गार पाणी मारू नका.