ताई, दहा दिवस बसून आलो तरी राग काही जात नाही

पत्र थोडक्यात असं: "ताई, मी ३९ वर्षांचा, डोंबिवलीला राहतो. मार्चमध्ये इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केलं, आयुष्यात एवढं शांत कधीच वाटलं नव्हतं. घरी आल्यावर पंधरा दिवस बरे गेले. आता सकाळी साडेसहाला बेडरूमचं दार लावून तासभर बसतो पण बाहेर मिक्सर, कुकरच्या शिट्ट्या, मुलीच्या शाळेची गडबड, शेवटी दार उघडून ओरडतोच. परवा बायको म्हणाली, हीच का तुझी विपश्यना? मी नव्हतो तेव्हा मुलीला ताप होता, तेही ती सारखं काढते. परत एकदा दहा दिवस जाऊन येऊ का?"

अरे, वयाने मोठी आहे म्हणून सरळ तू म्हणते, चालेल ना.

आधी माझी फजिती सांगते म्हणजे तुला एकटं वाटणार नाही. मीही धम्मगिरीला, इगतपुरीच्या त्याच विपश्यना केंद्रात, बसलेय. दहाव्या दिवशी मौन सुटलं, मैत्रीभावना झाली, सगळ्या जगाचं मंगल चिंतून मी दुसऱ्या दिवशी शेअर जीपने कसाऱ्याला उतरले, लोकल पकडली आणि आसनगाव यायच्या आत चौथ्या सीटवरून एका बाईशी कचाकचा भांडले. मांडीवर तीच पिशवी, त्यात तीच शाल. हसू नकोस.

आता असं बघ, तिथली शांतता तुझी एकट्याची कमाई नव्हती रे. पहाटे चारला घंटा कुणीतरी वाजवत होतं, सकाळी नाष्टा, अकराला जेवण कुणीतरी रांधत होतं, फोन जमा, बोलायचं कुणाशी नाही, नजरसुद्धा द्यायची नाही. अशा ठिकाणी रागाला खायलाच काही मिळत नाही, मग तो झोपतो. पतंजलींनी योगसूत्रांत क्लेशांच्या, म्हणजे मनाला छळणाऱ्या दोषांच्या, चार अवस्था सांगितल्यात, त्यातली पहिलीच 'प्रसुप्त', म्हणजे झोपलेला. झोपलेला आणि गेलेला यात फरक आहे, आणि तू झोपलेल्याला गेलेला समजून घरी आलास.

आणि याहून गमतीची गोष्ट म्हणजे आपला 'राग' हा शब्दच. मराठीत राग म्हणजे संताप, पण पतंजलींकडे संताप हा 'द्वेष' या खात्यात जातो. 'राग' म्हणजे आसक्ती, एकदा सुख मिळालं की त्याच्या मागे मागे जाणारं मन. सुखानुशयी रागः, असं सूत्रच आहे. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मला वाटतं तुझं सगळं दुखणं या दोन रागांच्या मधेच कुठेतरी आहे. इगतपुरीच्या सातव्या आठव्या दिवशी जे छान वाटलं ना, ते तुला रोज साडेसहाला बेडरूममध्ये हवंय, तसंच्या तसं, आणि मिक्सर सुरू झाला की ते हिसकावून घेतल्यासारखं वाटतं. म्हणजे तो संताप मिक्सरचा नाहीच, शांततेच्या हव्यासाचा आहे. बाहेरून द्वेष आणि आत पतंजलींचा राग.

'वेदना'चंही तसंच. आपण दुखण्यालाच वेदना म्हणतो, पालीत वेदना सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेली अशी तिन्ही प्रकारची असते. शिबिरात एक तास न हलता बसायचं असायचं तेव्हा गुडघा ठणकत होता, तू हलला नाहीस, अनित्य आहे, जाईल म्हणालास. मग कुकरची तिसरी शिट्टी तेवढी नित्य होय रे? ती तर गुडघ्यापेक्षा लवकर संपते. आणि छान वाटणंही अनित्यच होतं की, ते मात्र घट्ट धरून बसलास.

आणखी एक, थोडं लागेल. 'माझी साधना', 'माझा तास', 'माझी शांतता', पत्रात किती वेळा आलंय मोज. बुद्ध पंचवर्गीय भिक्खूंना, म्हणजे त्यांच्या पहिल्या पाच शिष्यांना, रूप (शरीर), वेदना, संज्ञा (ओळखणं), संस्कार (मनाच्या घडणी), विज्ञान (जाणीव) एकेक घेऊन सांगतात, हे माझं नाही, हा मी नाही, हा माझा आत्मा नाही. आपण काय करतो, जुना 'मी' तसाच ठेवून त्याच्या डोक्यावर साधकाची टोपी घालतो. आता या 'मी'ला डिस्टर्ब केलेलं तर अजिबातच चालत नाही.

ज्यांच्या पद्धतीने तू बसलास ते गोएंका गुरुजी स्वतः मायग्रेनला कंटाळून आपले गुरू सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले होते, आणि नुसतं डोकं दुखतं म्हणून आला असाल तर नको म्हणून त्यांना आधी परत पाठवलं होतं. हे ऊ बा खिन कोण, तर बर्माचे अकाउंटंट जनरल, फायली सांभाळणारा संसारी माणूस, ऑफिसातल्या लोकांना तिथेच ध्यान शिकवणारा. त्यामुळे संसारात जमत नाही हे कारण माझ्याकडे चालणार नाही.

परत जाऊ का विचारतोस. जा, पण यावर्षी नको. तुझी दहा दिवसांची सुट्टी बायकोने भरली, एकटीने, मुलीच्या तापासकट, आणि ते तू पत्रात "सारखं काढते" म्हणून उरकलंस. ती काढते कारण तू एकदाही नीट विचारलं नाहीस. आज रात्री विचार, कुठल्या दिवशी ताप चढला, डॉक्टरकडे कशी नेली, ऑफिसचं काय केलं. मधे अनित्य वगैरे बोलू नकोस, नुसतं ऐक. मग तिला म्हण, तू कुठे जायचं ते सांग, माहेरी, मैत्रिणींबरोबर, कुठेही, घर मी बघतो.

तासाचं म्हणशील तर साडेसहाची वेळ बदल, ती डब्याची वेळ आहे, घरात दोनच मोठी माणसं आणि त्यातलं एक दार लावून बसलंय हे मलाही खपलं नसतं. पाचला बस. किंवा रात्री बस. दार उघडं ठेवून.

आणि ओरडण्याच्या पुढे कधी हात गेला असेल, ते तू लिहिलेलं नाहीस, तर हे सगळं बाजूला ठेव आणि आधी समुपदेशकाकडे जा.

नसेल तर उद्यापासून साडेसहाला ओट्याशी उभा राहा, भाजी चीर, कुकर लाव. आनापानात, म्हणजे नुसता श्वास बघत बसताना, तो मोजायचा नाही असं शिकवलं होतं, आठवतंय ना? शिट्ट्या मात्र मोज, नाहीतर डाळ करपेल.