वाचकांचे प्रश्न : ‘इमॉर्टल’च्या अल्बममधला थ्रॅश

प्रश्न : मी महाविद्यालयीन दिवसांपासून स्लेअर, क्रिएटर, सोडोम असे थ्रॅश मेटल (हेवी मेटल रॉकचा वेगवान, ठोसेबाज प्रकार) बँड ऐकत आलो आहे. माझ्या भाच्याने मला नॉर्वेच्या ‘इमॉर्टल’ या बँडचा ‘वॉर अगेन्स्ट ऑल’ हा अल्बम ऐकवला. तो म्हणतो की हे अस्सल ब्लॅक मेटल (हेवी मेटलचाच आणखी एक टोकाचा, थंड सुरांचा प्रकार) आहे. मला मात्र त्यात जागोजागी माझ्या ओळखीचे थ्रॅश रिफ (गिटारवर पुन्हा पुन्हा येणारे छोटे स्वरसमूह) ऐकू आले. इतक्या जुन्या बँडने श्रोते वाढवण्यासाठी आपली शैली पातळ केली आहे का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपण जे ऐकले ते बरोबरच आहे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. थ्रॅश हा ब्लॅक मेटलमध्ये बाहेरून आलेला पाहुणा नसून घरातलाच वडीलधारा आहे. या शैलीला जिच्यावरून नाव मिळाले ती ‘व्हेनम’ या इंग्लिश बँडची १९८२ची तबकडी, त्यानंतर स्वीडनचा ‘बाथरी’ आणि स्वित्झर्लंडचा ‘सेल्टिक फ्रॉस्ट’, हे सारे त्या काळात थ्रॅशच्या इतके जवळ होते की दोहोंमध्ये रेघ ओढणे कठीण जाते. नव्वदच्या दशकात नॉर्वेतील मुलांनी त्यातला थंड, भणभणणारा भाग उचलला आणि थ्रॅशचा ठोसा मागे ठेवला.

हा फरक मुख्यतः वादकाच्या उजव्या हाताचा आहे. मेंडोलिनवर पिक (तार छेडायची छोटी पट्टी) अखंड वरखाली फिरवून जसा एकच सूर लांबवतात, तसे ब्लॅक मेटलचे गिटारवादक तार मोकळी ठेवून अतिवेगाने छेडतात, त्यामुळे स्वरांचा सलग पडदा तयार होतो. थ्रॅशमध्ये तळहाताची कड तारांवर टेकवून त्यांचा नाद दाबतात आणि पिकचे बरेचसे आघात खालच्याच दिशेने करतात. म्हणून प्रत्येक ठोका सुटा आणि कोरडा ऐकू येतो.

‘इमॉर्टल’च्या बाबतीत तर हाताची ही गोष्ट अक्षरशः हातांवरच येऊन थांबली होती. १९९१मध्ये बर्गन शहरात सुरू झालेल्या या बँडचा गिटारवादक डेमोनाझ सुरुवातीच्या अल्बमांत अमानुष म्हणावे अशा वेगाने वाजवत असे. परंतु १९९७च्या सुमारास त्याच्या हाताच्या स्नायुबंधांना इतकी सूज आली की त्याला गिटार खाली ठेवावी लागली. तो गीते लिहीत राहिला आणि तोवर गायन व बास सांभाळणाऱ्या अबाथने गिटारही हाती घेतली. त्यानंतर १९९९मध्ये आलेल्या ‘अॅट द हार्ट ऑफ विंटर’मध्ये वेग उतरला, गाणी लांबली आणि आपल्याला ओळखीचे वाटलेले दाबलेले, कोरडे रिफ ठळकपणे पुढे आले. म्हणजे हा प्रभाव आजचा नाही; त्याला पाव शतक उलटले.

२०१५मध्ये अबाथ बाहेर पडला. शस्त्रक्रियेनंतर पुन्हा वाजवू लागलेल्या डेमोनाझने २०१८च्या ‘नॉर्दर्न केऑस गॉड्स’मध्ये गिटार आणि गायन दोन्ही स्वतःकडे घेतले. मे २०२३मध्ये आलेल्या ‘वॉर अगेन्स्ट ऑल’पर्यंत दीर्घकाळचा ड्रमर होर्गही उरला नव्हता, ड्रम केव्हिन क्वोले यांनी आणि बास ‘एन्स्लेव्हड’ या बँडच्या आइस डेल यांनी वाजवला आहे. शीर्षकगीत निखळ वेगाचे आहे, तर ‘वॉरगॉड’मध्ये चाल संथावते आणि रिफला श्वास घ्यायला जागा मिळते. माझ्या मते या अल्बमची खरी उणीव थ्रॅश ही नाहीच. डेमोनाझ आपल्याच जुन्या वाटांवरून इतक्या निष्ठेने चालतो की आठांपैकी दोन-तीन गाणी एकमेकांच्या सावलीत राहतात; शब्द नसलेले ‘नॉर्डलँडिर’ मात्र लक्षात राहते. (शेवटच्या गाण्यात बँडचे काल्पनिक हिमराज्य ‘ब्लाशिर्ख’ पुन्हा अवतरते, हे आपल्या भाच्याने सांगितलेच असेल.)

प्रश्न : या बँडचा एकच जुना अल्बम ऐकायचा झाला, तर कोणता ऐकावा?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : वर उल्लेखिलेला १९९९चा ‘अॅट द हार्ट ऑफ विंटर’. त्यात सहाच गाणी आहेत. ती मोडतोड न करता क्रमाने ऐकावीत, आणि शक्यतो हेडफोनवर, कारण गिटारच्या मागे दडलेले संथ सूर मोबाइलच्या लहानशा स्पीकरमध्ये हरवून जातात.