अमेरिकेतल्या राज्यांत गर्भपात, समलिंगी विवाह अशा वादग्रस्त विषयांवर लोक थेट मतदान करतात. ही पद्धत योग्य आहे का? आपल्याकडे असावी का?

मी कॅलिफोर्नियात राहते आणि इथली मतदार आहे. बहुतेक प्रश्नांसाठी ही पद्धत मला हवी आहे. मूठभर लोकांचा हक्क राहावा की जावा, हे मात्र बहुसंख्यांना विचारूच नये.

हवी अशासाठी, की पक्षाला दिलेलं मत म्हणजे त्या पक्षाच्या प्रत्येक भूमिकेला दिलेला होकार नसतो. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचं घटनात्मक संरक्षण काढून घेतलं आणि निर्णय राज्यांवर सोपवला. कॅन्सस हे पक्कं रिपब्लिकन राज्य. तिथे त्याच ऑगस्टमध्ये राज्यघटनेतून हा हक्क काढण्याचा प्रस्ताव आला आणि जवळजवळ ५९ टक्के लोकांनी तो फेटाळला. २०२४ मध्ये मिसुरीने तर एकाच दिवशी ट्रम्पना मोठ्या फरकाने निवडलं आणि गर्भपाताचा हक्कही राज्यघटनेत घातला. निव्वळ आमदार निवडून हे लोकमत कधी दिसलंच नसतं.

गोव्यातल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. महाराष्ट्रात विलीनीकरण हवं म्हणणारा मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्ष तिथे १९६३ मध्ये सत्तेवर आला. पण १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात १,७२,१९१ मतं वेगळा संघप्रदेश (केंद्रशासित प्रदेश) राहण्याच्या बाजूने पडली, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. आणि मार्चमध्ये त्याच मतदारांनी पुन्हा मगोलाच निवडून दिलं! मगोचे नेते आणि मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर हवेत, विलीनीकरण नको, असं म्हणायची सोय त्या कौलामुळे झाली.

आता दुसरी बाजू. १९६४ मध्ये वंशभेदाविरुद्धच्या नागरी हक्क कायद्यावर सही करणारे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन कॅलिफोर्नियात दणदणीत जिंकले. त्याच दिवशी त्याच मतदारांनी, वंशावरून घर नाकारण्याला बंदी घालणारा राज्याचा कायदा सुमारे ६५ टक्के मतांनी निकामी केला. म्हणजे वॉशिंग्टनमध्ये समानता चालेल, शेजारच्या घरात नको. शेवटी १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कौल रद्द केला. २००८ मध्ये तेच घडलं. राज्याच्या न्यायालयाने मे महिन्यात समलिंगी विवाहाला मान्यता दिली, हजारो जोडप्यांनी लग्नं केली आणि नोव्हेंबरमध्ये ५२ टक्के मतदारांनी 'प्रॉप ८' हा घटनादुरुस्तीचा प्रस्ताव मंजूर करून ती वाट बंद केली. ज्यांच्या संसारावर त्याने काडीचा फरक पडणार नव्हता, त्यांनी दुसऱ्यांच्या संसाराचा निकाल लावला. मला हे आजही अन्यायाचं वाटतं. ती वाट २०१३ मध्ये पुन्हा उघडली तीही न्यायालयातूनच. 'प्रॉप ८'चे राज्यघटनेतले शब्द मतदारांनी काढले थेट २०२४ मध्ये.

गर्भपाताचा प्रश्न मी अशा मूठभरांच्या हक्कांत धरत नाही, कारण तो जवळजवळ प्रत्येक घरात येऊ शकतो. मतदार तिथे स्वतःबद्दल, बायको-मुलीबद्दल ठरवत असतो.

शिवाय प्रश्न कोण लिहितं आणि किती मतं लागतात, याकडे डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं. फ्लोरिडात २०२४ मध्ये गर्भपाताच्या हक्काला ५७ टक्के मतं मिळूनही तो हरला, कारण तिथे घटनादुरुस्तीला ६० टक्के लागतात. ही ६० टक्क्यांची अट २००६ मध्ये ज्या मतदानाने आली, तिला स्वतःलाच ५८ टक्क्यांच्या आत मतं होती! ओहायोतही २०२३ मध्ये गर्भपाताचा प्रस्ताव नोव्हेंबरात यायचा होता, त्याआधी ऑगस्टमध्ये घाईने अशीच अट आणायचा प्रयत्न झाला. तिथल्या लोकांनी तो हाणून पाडला.

भारतीय राज्यघटनेत अशा मतदानाची तरतूद नाही. गोव्यासाठी वेगळा कायदा करावा लागला होता. एखाद्या राज्याने दारूबंदी, मोठं धरण किंवा नवा जिल्हा यांवर लोकांचा कौल घेतला तर मला आनंदच होईल. पण समलिंगी विवाहाचा प्रश्न २०२३ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने कायदेमंडळाकडे सोडला आहे. त्यावर 'घ्या एकदा सार्वमत' असं कोणी म्हटलं तर माझा ठाम विरोध असेल, आणि जिंकायची खात्री असली तरी असेल.