थांबा, वस्तरा पॉलिशला देऊ नका

पणजोबांच्या धोकटीतला वस्तरा कुणाचा आणि किती जुना, असं तुम्ही विचारलंत. त्यावर एक चांदणी, एक क्रॉस आणि अर्धवट 'शेफील्ड', बाकी सगळा गंज. इथवर ठीक होतं. पण "रविवारी बफिंग करून आणतो, मग स्वच्छ फोटो टाकतो" हे तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि जेवण अर्धवट टाकून लिहायला बसलो. रविवारी कुठेही जाऊ नका.

बनवणाऱ्याचं कोडं फारसं अवघड नाही. चांदणी आणि माल्टीज क्रॉस ही जोसेफ रॉजर्स अँड सन्सची, म्हणजे इंग्लंडातल्या शेफील्डच्या चाकू-वस्तरे बनवणाऱ्या कंपनीची खूण. ती १६८२ सालची आहे, म्हणून काही विद्वान थेट "वस्तरा १६८२ चा" असं सांगून मोकळे होतात. ते साल खुणेचं आहे, तुमच्या वस्तऱ्याचं नव्हे. विसाव्या शतकातल्या रॉजर्सच्या चाकूंवरही हीच खूण सापडते. खरी मारामारी वयाची आहे, आणि तिथेच मी माती खाल्ली.

आमच्या अण्णांचा, म्हणजे आजोबांचा, वस्तराही रॉजर्सचाच. काचेच्या चौकटीत लावायचा म्हणून बारा-तेरा वर्षांपूर्वी एका पॉलिशवाल्याकडे दिला. "नवा करून देतो," म्हणाला, आणि शब्दाला जागला. पातं आरशासारखं झालं. मी खूश होऊन घरी आलो, चष्मा लावला आणि बघतो तर पात्याचा मुठीकडचा बिनधारेचा भाग गुळगुळीत! तिथे आधी एक छोटा मुकुट होता, त्याच्या उजवीकडे 'आर' आणि डावीकडे एक अक्षर. आता मुकुटाचा डाग आणि 'आर'चा पाय एवढंच उरलंय. डावीकडचं अक्षर गेलं ते गेलंच. गंजातून दोन तिरप्या रेघा दिसायच्या एवढं आठवतं. पण दोन तिरप्या रेघा 'व्ही'च्याही असतात आणि अर्ध्या खाल्लेल्या 'डब्ल्यू'च्याही.

एका अक्षराचं काय एवढं, असं वाटेल. पण मुकुटाशेजारची अक्षरं त्या वेळच्या राजा-राणीची असतात. 'व्ही आर' म्हणजे व्हिक्टोरिया राणी, १८३७ ते १९०१. चौसष्ट वर्षांत कधीही. 'डब्ल्यू आर' म्हणजे चौथा विल्यम, १८३० ते १८३७, फक्त सात वर्षं! माझं पातं पाचरीसारखं जाड आहे, त्यामुळे दोन्ही राजवटींत खपून जातं. घरात सगळ्यांना विचारून झालं, पण मुकुट होता हेसुद्धा कुणाच्या लक्षात नव्हतं. फोटो? एकही नाही. पॉलिशवाल्याला शिव्या देऊन उपयोग नाही, मीच हौसेनं दिला होता.

तुमच्याकडे 'जी आर' निघालं तर गोंधळू नका. जॉर्ज नावाचे राजे १८३० पर्यंत होते आणि १९१० नंतर पुन्हा आले. तिथे पातं बघायचं. जाड पाचर असेल तर जुन्या जॉर्जकडे झुकतं माप द्या. दोन्ही बाजूंनी खोल घासलेलं, नखानं टिचकी मारली की किणकिणणारं असेल तर नंतरचा जॉर्ज.

तर आता करा एवढंच. मशीनच्या तेलाचे दोन थेंब, एक रात्र, मग मऊ फडकं. पॉलिश पेपर, लिंबू, चिंच यांपैकी काही नको. (आमच्या मावशीनं सुचवलं होतं पितांबरी. नको!) कोरडं झालं की तोंडाला लावायची पावडर हलकेच चोळा, छापाच्या खाचा पांढऱ्या होतात. मग खोलीतला दिवा बंद करून मोबाईलचा टॉर्च अगदी आडवा धरा आणि चार बाजूंनी फोटो काढा. फोटो झाल्यावर पावडर पुसून पुन्हा तेलाचा हात फिरवा, नाहीतर ओल धरेल.

छापाखाली 'इंग्लंड' असेल तर वस्तरा बहुधा १८९१ नंतरचा, कारण अमेरिकेनं आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं ते तेव्हापासून. पण नसेल तर त्याआधीचा, असं उलटं गणित मांडू नका. हिंदुस्थानात येणाऱ्या मालाला अमेरिकेचा कायदा कशाला लागेल? 'सिल्व्हर स्टील' लिहिलेलं असेल तर त्यात चांदी शोधू नका. शास्त्रज्ञ फॅरेडे आणि चाकू-सुऱ्या बनवणारे स्टोडार्ट यांनी १८२० च्या सुमारास पोलादात चांदी मिसळून प्रयोग केले, त्यानंतर ते नाव दुकानदारीत चाललं. म्हणजे वस्तरा त्यापेक्षा जुना नाही, इतकंच.

मुठीवरून वय काढणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. धंद्यातला वस्तरा हातातून पडणार, मूठ तुटणार, दुसरी बसणार. अण्णांच्या वस्तऱ्याची मूठ सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या काळच्या प्लास्टिकची आहे, अंगठ्यानं जोरात घासली की कापराचा वास येतो. तुमचीही तशीच निघाली तर तापलेली सुई लावून बघायचा उद्योग करू नका, भडकन पेटते. शिवाय जुनं सेल्युलॉइड कुजलं की त्याच्या वाफेनंच पातं गंजतं, म्हणून वस्तरा मिटून डब्यात कोंडू नका. मूठ हस्तिदंती वाटली तर विकायचं मनातही आणू नका, तो व्यापार कायद्यानं बंद आहे. आणि शंभर वर्षांवरची वस्तू परदेशातल्या भाच्याला कुरियर करण्याआधी पुरावस्तू कायदा विचारून घ्या.

मी काही तज्ज्ञ नाही, किंमत मला विचारू नका. बाकी छापाच्या बाबतीत फोटोवरून माझीही चूक होऊ शकते. पण मुकुट दिसला तर बाकी सगळं राहू द्या, आधी त्याच्या डावीकडच्या अक्षराचा फोटो टाका. मी जागा आहे.