करंगळीएवढं अंतर

प्रश्न : यंत्रं नव्हती तेव्हा ऑलिव्हचं तेल कसं काढत? बिया आधी वेगळ्या करत का?

उत्तर : वेगळ्या करत नसत, पण त्या फुटू नयेत म्हणून रोमन लोक फार जपत. बी भरडली की तेलाची चव बिघडते, अशी त्यांची समजूत. त्यांचं ‘त्रापेटुम’ मला म्हणूनच इतकं आवडतं. दगडी उखळ आणि तिच्यात मधल्या खांबाभोवती फिरणारे दोन अर्धगोल दगड. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातला रोमन लेखक केटो सांगतो, दगड आणि उखळीचा तळ यांत करंगळीएवढं अंतर ठेवा. हे वाचताना दर वेळी माझी करंगळी आपोआप पुढे येते.

लगदा मग विणलेल्या टोपल्यांत भरून लांब लाकडी तुळईखाली दाबत. इस्रायलमधल्या प्राचीन एक्रोनला इ. स. पूर्व सातव्या शतकातले असे शंभराहून अधिक घाणे सापडलेत. तिथे तुळईला भोक पाडलेले वजनदार दगड टांगत. पुढे मळसूत्र आलं, आणि १७९५ साली जोसेफ ब्रामा या इंग्रज संशोधकाने पेटंट घेतल्यावर हायड्रॉलिक प्रेस, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणारा दाबयंत्र.

खरं कसब मात्र शेवटी लागे. तेलासोबत काळं, कडू पाणी उतरतं. ते खाली बसू द्यायचं आणि वरचं तेल शिंपलीसारख्या पळीने, न थांबता, अलगद काढत राहायचं.