ओठ हलवण्यापुरतं गाणं: वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

श्रावण जवळ आला म्हणून की काय, पण ह्या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी गाण्याबद्दलचीच आहेत, आणि त्यातही एकट्याने गाण्याबद्दल नाही तर चारचौघांत बसून गाण्याबद्दल. म्हणून रेसिपीचे आणि सासवासुनांचे प्रश्न पुढच्या अंकात घेते, रागावू नका.

प्रश्न: ताई, मी फोंड्याची, वय 52, गेल्याच वर्षी नोकरीतून लवकर रिटायर झाले. शाळेत असताना स्वागतगीताला बाईंनी मला मागच्या ओळीत उभी केली आणि कानात सांगितलं की तू फक्त ओठ हलव, आवाज काढू नको. ते इतकं डोक्यात बसलंय की चवथीला घरच्या आरतीतसुद्धा मी नुसत्या टाळ्या वाजवते. आता वाड्यावरच्या महिला भजनी मंडळात बोलावतायत, दोन बुधवार जाऊन बसले. अभंगाचं धृपद जमतं पण अंतऱ्याला वर गेलं की आवाज फाटतो, मग मी खालून म्हणायला जाते तर तिथे आवाजच लागत नाही. बाकीच्या बायका काही बोलत नाहीत पण मला कळतं ना. ह्या वयात सूर येतो का, की मी आपली टाळ घेऊन गप्प बसू?

उत्तर: अगो, पहिल्यांदा मला हे सांग की तुमच्या मंडळात पेटी कुठल्या पट्टीत वाजते, म्हणजे "सा" कुठल्या चावीवर धरतात? नाही माहीत ना? मला वाटलंच. येत्या बुधवारी पेटीवाल्याला विचार आणि तो "काळी एक", म्हणजे सप्तकातली पहिली काळी चावी, म्हणाला तर तुझं अर्धं दुखणं तिथेच सापडलं असं समज. काळी एक ही पुरुषांची आवडती पट्टी, आपल्याकडचे बहुतेक बुवा तिथेच गातात आणि पेटीवाल्यांचा हात तिथेच बसलेला असतो. बाईचा आवाज साधारणपणे काळी चार, पांढरी पाच असा कुठेतरी बसतो. काळी एकमध्ये बाईने गायचं म्हणजे एक तर बुवांच्या वरच्या सप्तकात जायचं, मग अंतऱ्याला तार गंधार, म्हणजे वरच्या सप्तकातला ग, आला की किंचाळल्यासारखं होणार, नाहीतर त्यांच्याच सप्तकात उतरायचं, तिथे आपल्याला खर्जातलं, म्हणजे अगदी खालचं, काही मिळणारच नाही. तू लिहिलंयस ते अगदी हेच आहे. आवाज फाटतो तो बेसूर असल्यामुळे नाही, दुसऱ्याच्या मापाची चोळी घालून श्वास घ्यायला बघतेयस म्हणून. पट्टी बदलून बघा आणि मग मला कळव. आणि बाकीच्या बायका काही बोलत नाहीत म्हणालीस, त्यांचंही तेच होत असणार, त्या तुझ्याइतक्या प्रामाणिक नाहीत एवढंच.

आता त्या शाळेतल्या बाईंबद्दल. माझ्याकडे गाणं शिकायला येणाऱ्या मोठ्या माणसांत दर चार-पाच जणांमागे एकाची हीच गोष्ट असते, कधी शाळा, कधी मोठा भाऊ, कधी नवरा. सूर ओळखूच न येणारी माणसं खरंच असतात, पण ती शंभरात एखाद-दोन, आणि त्यांना बहुतेक वेळा गाणं ऐकायलाही फारसं आवडत नाही. तुला आपला आवाज चुकल्याचं कळतंय म्हणजे कान शाबूत आहे. राहिला गळा, तो ऐकलेल्या सुरावर नेमका नेऊन ठेवायची सवय नाही एवढंच. सायकलसारखंच आहे, लहानपणी कुणी शिकवली नाही तर बावन्नाव्या वर्षी थोडं जास्त पडायला होतं.

सवय कशी करायची ते सांगते. फोनवर तानपुऱ्याचं ॲप घे, फुकट मिळतात, काळी चार लाव. लगेच "सा" म्हणू नकोस. आधी तोंड मिटून "म्म्म" करत खालून वर असं हळूहळू सरकत जा, ॲम्ब्युलन्सच्या भोंग्यासारखं, आणि कान देऊन ऐक. सुराच्या जवळ आलीस की आवाजात एक वांव-वांव असा हेलकावा येईल. दोन सूर जवळजवळ सारखे पण तंतोतंत नसले की तो येतो, म्हणजे एक सेकंदाला 440 वेळा थरथरतोय आणि दुसरा 442 वेळा तर सेकंदाला दोन हेलकावे. अजून थोडं सरकलीस की हेलकावा मंद होत होत थांबतो आणि तुझा आवाज तानपुऱ्यात नाहीसा झाल्यासारखा वाटतो. तो सा. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा नऊ वर्षांची होते, म्हार्दोळला आजीच्या सोप्यावर, आणि मला वाटलं की माझा आवाजच बंद पडला म्हणून मी घाबरून गप्प झाले, तर गुरुजी म्हणाले, आत्ता लागला होता की गो, सोडलास का?

रोज दहा मिनिटं पुरेत. नंतर फोनवर रेकॉर्ड करून ऐक, पण पहिल्या दिवशी नको. आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो त्यामुळे तो आतून भरदार वाटतो, रेकॉर्डिंगमध्ये तो भाग गळतो आणि आपण एकदम चिमणीसारखे वाटतो, सगळ्यांचंच असं होतं, लता मंगेशकरांचं असं व्हायचं की नाही ते सोड.

नावावरून आठवलं. आपल्या ह्या फोंडा तालुक्याने एक घोटाळा करून ठेवलाय. तुझ्या घरापासून जवळच्या केरीच्या केसरबाई, ज्यांचं गाणं 1977 साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेलं, मंगेशीचे मास्टर दीनानाथ आणि अभिषेकीबुवा, तिकडे सांग्याला आता धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या कुर्डीच्या मोगूबाई. असली माणसं आजूबाजूला होऊन गेली की गाणं म्हणजे त्यांच्यासारखं, नाहीतर गप्प बसावं असं आपल्याला वाटायला लागतं. स्वयंपाकाचं आपण असं करत नाही ना, हॉटेलवाल्यासारखं शागोती येत नाही म्हणून घरात चूल बंद ठेवत नाही.

आणि मंडळात गाण्याची खरी मजा गळ्यात कमी, कानात जास्त आहे. वास्कोच्या दामोदर सप्ताहात 24 तास भजन अखंड चालतं, एवढा वेळ एक माणूस गाऊ शकेल का? भजनी गटाला तिथे पार म्हणतात, एक पार थकला की दुसरा उचलतो, नाद मोडत नाही. तुमच्या मंडळातही तसंच करायचं, लांब ओळ असली की शेजारीण गातेय तेव्हा तू श्वास चोरायचा, ती श्वास घेईल तेव्हा तू धरायचं, ऐकणाऱ्याला वाटतं ह्या बायकांना श्वासच लागत नाही. ह्यासाठी दोघींचे श्वास वेगवेगळे पडायला हवेत, ते ठरवून घ्या. उलट सगळे एकदम श्वास घेऊन हळू लयीत गातात तेव्हा छातीतले ठोकेही एकत्र वर-खाली व्हायला लागतात, स्वीडनमध्ये 2013 साली तपासून बघितलंय. सप्ताहात बसलेल्या माणसाला मात्र हे सांगायला स्वीडन लागत नाही.

टाळ घेऊन गप्प बसू नकोस. टाळ घे आणि गा. हातात काहीतरी असलं की लाज अर्धी होते, हा माझा अनुभव.

प्रश्न: नमस्कार ताई. म्हापशाहून लिहितोय, वय 34. सहा वर्षं शास्त्रीय गाणं शिकलोय. ऑफिसमधल्या मित्राने ओढून एका मिश्र क्वायरमध्ये, म्हणजे बायका-पुरुषांच्या पाश्चात्त्य गायनवृंदात, नेलं, नाताळच्या कार्यक्रमाची तयारी चालू आहे. मला टेनरमध्ये, म्हणजे पुरुषांच्या वरच्या आवाजांत, टाकलंय. माझा प्रॉब्लेम असा की बाजूच्या सोप्रानो, म्हणजे सगळ्यात वरच्या आवाजाच्या, बायका मूळ चाल गायला लागल्या की मी दोन ओळींत त्यांच्या चालीवर घसरतो. शिवाय तिथल्या बहुतेकांना नोटेशन वाचता येतं, मी एकटाच अडाणी वाटतो. सोडून देऊ का?

उत्तर: सोडू नका, निदान नाताळपर्यंत तरी.

पहिली गोष्ट, टेनरमध्ये का टाकलं? कारण टेनर कुठल्याच क्वायरला पुरत नाहीत, पुरुष दिसला आणि तो थोडा वर जाऊ शकतो असं वाटलं की टेनर. काळी एकमध्ये आरामात गात असाल आणि खर्जाचा पंचम चांगला भरत असेल तर बासमध्ये, म्हणजे पुरुषांच्या खालच्या आवाजांत, उभं करा म्हणून सांगून बघा, ऐकतील असं नाही.

घसरण्याचं कारण तुमचं शिक्षणच आहे. आपल्याला सहा वर्षं काय शिकवलं, की गुरूंनी जे गायलं तेच उचलायचं, समोरच्याच्या सुरात सूर मिसळायचा. आणि इथे शेजारीण गंधारावर असताना तुम्हाला षड्जावर ठाम बसून राहायचंय. तिच्यापेक्षा खाली जायचंय असा विचार केलात की घसरलातच. तुमची ओळ ही वेगळी चाल आहे असं समजून सरगममध्ये लिहून काढा, आंघोळ करताना, स्कूटरवर, भाजी आणताना तेवढीच गा, इतकी की तीच मूळ चाल वाटायला लागली पाहिजे. मग घरी कुणालातरी मूळ चाल गायला लावा आणि तुम्ही तुमची गात खोलीच्या दोन टोकांहून एकमेकांकडे चालत या, शेजारी आलात तरी टिकलात की झालं. रिहर्सलला पक्क्या टेनरच्या बाजूला उभे राहा आणि सोप्रानोकडचा कान बोटाने अर्धवट मिटा, त्यात लाज नाही, मुरलेले लोकही करतात.

दोन वेगळे सूर एकदम गोड कसे लागतात हे कळायला सरळ मांडो ऐका, गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतलं कोंकणी गाणं. एक आवाज चाल घेतो, दुसरा त्याच्या जोडीने तिसऱ्या नाहीतर सहाव्या सुरावर चालतो, शेवटपर्यंत हात न सोडता. सासष्टीतल्या लग्नाच्या घरांत हे कुणीही न शिकता गायचे.

नोटेशनचं म्हणाल तर त्या लोकांना ते आभाळातून मिळालेलं नाही. पोर्तुगीज काळापासून चर्चच्या पॅरिश शाळांत मेस्त, म्हणजे मास्तर, पोरांना सोल्फेज (डो-रे-मी म्हणत सूर वाचणं) आणि व्हायोलिन घासूनपुसून शिकवायचा, अक्षरओळखीबरोबर सूरओळख. आपण सरगम तोंडाने शिकलो. एक गंमत मात्र लक्षात ठेवा नाहीतर गोंधळाल, त्यांचा "डो" जागेवरून हलत नाही, तो कायम पेटीची पांढरी एक. आपला सा मात्र गाणाऱ्याबरोबर फिरतो. त्यामुळे मास्टर "सोल", म्हणजे डोपासून पाचवा सूर, म्हणाला की पंचम समजून लावू नका, आधी ह्या गाण्याचा सा कुठे आहे ते विचारा. बाकी वाचायला सहा महिन्यांत येतं, कला अकादमीत वेस्टर्न म्युझिकचा वेगळा विभागच आहे, तिथे चौकशी करा.

आणि एक, हे मी स्वतः मार खाऊन शिकलेय. पहिल्यांदा क्वायरमध्ये गेले तेव्हा माझ्या डोक्यात बारा वर्षांचं शास्त्रीय गाणं. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मी सवयीने मींड घ्यायचे, म्हणजे घसरत जायचे, शेवटी छोटीशी मुरकी, म्हणजे सुरांची गिरकी. तीनदा थांबवलं त्यांनी, कोण चुकतंय ते कुणाला कळेना. चौथ्यांदा मास्टर सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बाय, नीट वच गे, वळणां घेवूं नाका." म्हणजे सरळ जा, वळणं घेऊ नको. सगळे हसले. बाकीची पंधरा माणसं पणजीहून मडगावला थेट चालली होती आणि मी एकटीच फोंड्यावरून. त्या दिवशी घरी येऊन मी साधा सा लावला, काही न करता, नुसता सरळ, आणि लक्षात आलं की तो पुरता चार सेकंदसुद्धा स्थिर राहत नाही. मुरक्यांनी इतकी वर्षं झाकला होता.

प्रश्न: पेडण्याचा आहे, वय 23. आमचं घुमट आरतीचं पथक आहे, घुमट म्हणजे कातडं लावलेलं मडक्यासारखं वाद्य. दर वर्षी चवथीच्या तिसऱ्या दिवशी माझा आवाज बसतो आणि पुढे दहा दिवस बदकासारखा बोलतो. आई खडीसाखर, मित्र आलं-मध, काका अजून काहीतरी घ्यायला सांगतात. खरं काय चालतं?

उत्तर: काकांचं घेऊ नको, त्याने घसा सुकतो आणि दुखतंय ते कळत नाही म्हणून तू आणखी ओरडतोस.

खडीसाखर, मध, आलं सगळं चालेल, बरं वाटतं, पण गिळलेली वस्तू स्वरतंतूंवर जातच नाही, ती अन्ननलिकेत जाते, तंतू श्वासाच्या वाटेवर आहेत. त्यामुळे दिवसभर थोडं थोडं पाणी पीत राहणं आणि रात्री साध्या पाण्याची वाफ, एवढंच थेट कामाचं. आवाज बसलेला असताना कुजबुजू नकोस, गप्प बस.

मूळ कारण वेगळं आहे. चार घुमटं, शामेळ नावाचा ढोल, कासाळें म्हणजे झांजा, आणि समोर वीस बाय बाराची खोली. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की माणूस आपोआप जोरात गातो, त्याला काही इलाज नाही. म्हणून ओळ म्हणताना वाजवणाऱ्यांनी हात हलका ठेवायचा आणि ओळ संपली की मोकळं सुटायचं, जुनी पथकं तसंच करतात, ऐकून बघ. शिवाय पहिला म्हणणारा प्रत्येक घरी बदला. तू एकटा पंधरा घरं पुढे म्हणणार असशील तर गळा तरी काय करील. (आणि घुमट बकरीच्या कातड्याचंच आहे ना, पूर्वीसारखं घोरपडीच्या नाही? घोरपड 1972 पासून कायद्याने संरक्षित आहे, आणि घुमट 2019 पासून राज्याचं वाद्य. उगाच घोळ नको.)

चवथ संपून तीन आठवडे झाले तरी आवाज खरखरत असेल तर कान-नाक-घसावाल्या डॉक्टरला दाखव, पुढच्या चवथीची वाट बघू नको.

प्रश्न: ताई, आमच्या मंडळात माइक कुणी धरायचा ह्यावरून दर कार्यक्रमाला भांडण होतं. – वास्कोची एक वाचक

उत्तर: कुणीच धरायचा नाही. मधोमध स्टँडवर ठेवा, सगळ्यात बुटक्या बाईच्या हनुवटीइतका, आणि दोन हात लांब अर्धगोलात बसा. ज्यांचा आवाज मोठा त्या कडेला. त्या रुसतील, त्यांना पहिला अभंग द्या.